डावीकडची सीट

पितृपक्षात सिंदीतली माणसं साधा टॉवेलही विकत घेत नाहीत. भैय्याजी गुल्हान्यांनी मात्र वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी, ताटं वाढायच्या आधी, दारात विजेवर चालणारी मोटार मागवली. "पाहणं म्हणजे घेणं नोहे," असा निकाल त्यांनी स्वतःच देऊन टाकला होता. "बुकिंग दसऱ्यालेच करू. नुसतं चालवून पाहाले काय होते? पितर काय चाकाखाली येऊन राह्यले?" भैय्याजींनी शास्त्राचा अर्थ लावला की तो मान्य करायचा आणि मग आत जाऊन नाक मुरडायचं, ही गुल्हान्यांच्या घराची जुनी रीत होती.

गाडी घेऊन आलेला ऋतिक हा वर्ध्याच्या एका शोरूममधला विक्रेता. पितृपक्षात शोरूममध्ये चिटपाखरू फिरकत नाही, त्यामुळे 'गाडी घरी आणून दाखवा' असा फोन आला असता तर तो चंद्रपूरपर्यंतही गेला असता. गळ्यात टाय, काखेत घाम आणि तोंडात पाठांतर.

"काचेच्या वरच्या बाजूला, आरशामागे, कॅमेरा आहे सर. तो सतत रस्ता बघतो. समोर माणूस आला, जनावर आलं, आणि तुम्ही ब्रेक नाही मारला, तर गाडी स्वतः मारते. तुमची गाडी पट्टा सोडून भरकटली तर स्टिअरिंग थरथरून सांगते. डावीकडून, उजवीकडून कोणी आलं तर बाजूच्या आरशात दिवा लागतो."

"अन् नवराबायकोचं भांडण लागलं तर?" ताराचंदनं विचारलं.

ताराचंद म्हणजे भैय्याजींचे धाकटे भाऊ. कापसाचा धंदा वाटून घेतल्यापासून ते रस्त्याच्या पलीकडे राहत, आणि वडिलांच्या श्राद्धाला न चुकता येत, कारण वड्यांबरोबर थोरल्या घराची उणीदुणीही तोंडी लावायला मिळत. त्यांनी स्वतः अशी अवाढव्य डिझेल गाडी घेतली होती, की ती त्यांच्याच फाटकातून आत जात नव्हती. रात्रंदिवस ती रस्त्यावर उभी असायची, आणि 'गाडी दिसली पाहिजे लोकाले' असं ते त्याचं कारण सांगायचे.

"बॅटरीची गाडी म्हणजे मोठ्या माणसाचं खेळणं हाय," ते पुढे म्हणाले. "आमच्या सिंदीत लाइन गेली का कूलर बंद, पंखा बंद, आता भैय्याजीही बंद."

"जिनिंगच्या टिनावर सोलर बसवलं हाय ना," भैय्याजी म्हणाले. "तुह्या डिझेलचा पंप काय तुह्या अंगणात हाय?"

भैय्याजींचा थोरला मुलगा निकेश भिंतीला टेकून उभा होता. त्याला ह्या गाडीचं सगळंच अमान्य होतं, पण बापासमोर सगळंच अमान्य आहे असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून तो एकाच गोष्टीला धरून बसला होता. "घ्याची तर साधी घ्या. ह्याच कंपनीची खालची येते, तिच्यात हे कॅमेरे-फिमेरे नाई. माणूस गाडी चालवते का गाडी माणसाले? आपल्या मनानं ब्रेक मारणारी गाडी मले नाई पाहिजे."

"दादा, तू अजून मागच्या शतकात आहेस," धाकटा धीरज म्हणाला. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि श्राद्धासाठी दोन दिवसांची सुटी काढून आला होता. पुण्यात त्याच्याकडे सायकलही नव्हती, पण मोबाइलवर गाड्यांची परीक्षणं पाहून पाहून त्याची जीभ चांगलीच वळली होती. "ह्या सिस्टिममुळे जगात किती जीव वाचले आहेत माहितेय का तुला?"

"जगात वाचले असतीन. सिंदीत कोण मेलं?"

"तुमचं चालू द्या," भैय्याजी म्हणाले. "पोरा, तू करून दाखव."

गुल्हान्यांच्या फाटकासमोरून सेलूकडे जाणारा रस्ता, आणि फाटकाच्या बाजूने रेल्वेच्या मालधक्क्याकडे जाणारी एक रिकामी गल्ली. त्या गल्लीत ऋतिकने भुशाचं पोतं उभं केलं, लांबून गाडी आणली आणि दोन्ही हात वर करून सोडले. गाडी पोत्याच्या अलीकडे गचका देऊन थांबली. ओट्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. भैय्याजींच्या चेहऱ्यावर तर सून माप ओलांडून घरात आल्यावर जो आनंद दिसतो, तो दिसला. आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे म्हणायची काही एक गरज नव्हती.

"पाह्यलं का कौशल्या? न बोलता थांबते. डाव्या बाजूनं कोणी आलं तर नुसता दिवा लागते. न बोलता."

सगळे हसले. कौशल्याबाईंचं गाडीतलं बोलणं हा गुल्हान्यांच्या घरातला पिढीजात विनोद होऊ पाहत होता. गाडीत बसल्या की त्या डावीकडच्या सीटवर बसायच्या, मागे कधी नाही, आणि बसल्यापासून उतरेपर्यंत त्यांचं तोंड चालू. म्हैस हाय. सायकल हाय. बाई हाय, डोक्यावर भारा हाय. पोट्टं पळून राह्यलं. धीरज त्याला क्रिकेटची कॉमेंट्री म्हणायचा. निकेश म्हणायचा, आईला गाडीत भीती वाटते. ताराचंद काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कौशल्याबाईही हसल्या. हसणं भाग होतं.

ऋतिक आता गाडीतल्या खिडक्या, सीट, थंड हवा असं एकेक दाखवत सुटला होता. "हे दोन सीटच्या मधलं बटण म्हणजे हँडब्रेक. चालत्या गाडीत वर ओढून धरलं तरी गाडी थांबते, इमर्जन्सीला." ह्या बटणाकडे कोणी पाहिलं नाही. पाण्याचा ट्रे घेऊन उभी असलेली ज्योत्स्ना तेवढी पाहत होती.

ज्योत्स्ना ही निकेशची बायको. हिंगणीची. माहेरी ती वडिलांची जीप बोर धरणाच्या रस्त्याने चालवायची, पावसाळ्यातसुद्धा, आणि तिचं लायसन्स लग्नाच्या रुखवताबरोबर ह्या घरात आलं होतं. रुखवतातली बाकी भांडी वापरात आली, लायसन्स कपाटातच राहिलं. सेलूच्या कॉलेजात ती मराठी शिकवायची आणि कॉलेजच्या वेळा वेगळ्या म्हणून एसटीने जायची. मागल्या वर्षी धीरजने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं तेव्हा सगळ्या घराविरुद्ध ती एकटी त्याच्या बाजूने उभी राहिली होती. धीरज ते विसरलाही होता. आज सकाळपासून गाडीबद्दल घरातल्या प्रत्येकाला मत विचारून झालं होतं, शेजारच्या ताराचंदलासुद्धा, फक्त तिला आणि सासूला सोडून.

तिने पाण्याचा ग्लास सासऱ्यांसमोर धरला. भैय्याजींनी हात पुढे केला तो ग्लासाच्या बराच उजवीकडे. मग चाचपून ग्लास घेतला. तिला ते खटकलं, पण आत वडे तळायचे होते.

*

कौशल्याबाई चुलीशी बसल्या होत्या आणि कढईतल्या वड्यांवर राग काढत होत्या.

गेल्या होळीनंतर नागपूरला, 'जरा चष्म्याचा नंबर पाहून येतो' म्हणून दोघं गेले होते, तेव्हा डॉक्टरने सांगितलं की काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्याच्याही कडा जाऊ लागल्या आहेत. समोरचं दिसेल, बाजूचं दिसणार नाही. गाडी चालवू नका. भैय्याजी बाहेर आले, पायऱ्यांवर उभे राहिले आणि म्हणाले, "पोराईले एक शब्द सांगशील तर माह्या मेल्याचं तोंड पाहाले येजो नको." मग स्वतःच गाडी चालवत सिंदीला आले. बुटीबोरीपासून कौशल्याबाई बोलायला लागल्या त्या अजून थांबल्या नव्हत्या.

भैय्याजींसाठी ते नुसतं गाडी चालवणं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. गाडीची किल्ली भैय्याजींच्या बंडीच्या आतल्या खिशात असायची, आणि ज्याच्या खिशात किल्ली त्याच्या हातात धंदा. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या फाटकातून भैय्याजींची गाडी आत शिरली की अडते उठून उभे राहत. निकेश मागच्या सीटवरून उतरायचा. तो समोरून उतरायला लागला, की भैय्याजी घरी बसलेला म्हातारा झाले. एवढा साधा हिशेब होता, आणि ह्या साध्या हिशेबापायी रोज सकाळ-संध्याकाळ नात सुरभी मागच्या सीटवर बसून सेलूच्या शाळेत जायची आणि यायची. समोर आजी 'म्हैस हाय, सायकल हाय' करत. सुरभीलाही ते पाठ झालं होतं.

आता ह्या माणसाने बायकोच्या जागी यंत्र शोधलं होतं. त्याचं त्यांना वाईट वाटावं, की आपली सुटका होतेय म्हणून बरं वाटावं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. राग मात्र आला होता. ज्या जिभेवर हा माणूस इतके महिने गाडी हाकत होता, तिच्याबद्दल चार लोकांत 'न बोलता, न बोलता' म्हणून दात काढत होता.

"आई, वडे करपून राह्यले," ज्योत्स्ना म्हणाली.

"करपू दे. त्याईले कुठं दिसते," असं कौशल्याबाईंच्या तोंडून निघून गेलं. ज्योत्स्नाने वर पाहिलं. कौशल्याबाई झारा आपटून उठल्या.

पुरुषांची पंगत बसली. पान कावळ्याला गेलं. कौशल्याबाई परसातून वळसा घालून बाहेर आल्या तेव्हा गाडी फाटकाशी एकटी उभी होती आणि आजूबाजूची झाडून सारी माणसं तिच्याकडे डोळे लावून होती. पलीकडच्या ओट्यावरची शकुबाई तर गहू निवडायचे सोडून पाहत होती. शकुबाईची नजर काय आहे ते सिंदीला ठाऊक होतं. त्यात पितरांचे दिवस, आणि उद्या ह्याच गाडीत हा आंधळा माणूस आपल्या नातीला घेऊन बसणार.

राग एका बाजूला राहिला. लेकरू बाहेर निघालं की आपण काय करतो, तेच त्यांनी केलं. देवघरातली काजळाची डबी आणली, जेवणाचा एक पाट आणला, पाटावर चढल्या आणि गाडीच्या कपाळावर, म्हणजे समोरच्या काचेच्या वरच्या भागात अगदी मधोमध, तीट लावली. एवढ्या मोठ्या धुडाला एवढीशी तीट काय पुरणार, म्हणून तेलकट बोट आणखी दोनदा फिरवलं. मग पाट उचलून आत गेल्या.

*

पंगतीत युद्ध पेटलं होतं.

"भैय्याजी, मी स्पष्टच सांगतो," निकेश म्हणाला. खिरीने त्याला धीर आला होता. "साधी गाडी घेऊ अन् एक ड्रायवर ठेवू. तुमचं वय झालं."

भैय्याजींचा घास हातात राहिला. "ड्रायवर? माह्या घरात? मी मेलो काय?"

"मेल्यावर ड्रायवर लागत नाई भाऊ," ताराचंद म्हणाले. आतापर्यंत ते निकेशच्या बाजूने होते, पण थोरल्या घरात बापलेकाचं जुंपलं की जो हरत असेल त्याच्या बाजूला जायचं, म्हणजे भांडण टिकतं, हा त्यांचा अनुभव होता. "निकेश, तुले ड्रायवर कायले पाहिजे ते मले समजते. किल्ली एकदा भैय्याजीच्या खिशातून निंघाली पाहिजे, मंग ड्रायवरकडून तुह्या खिशात याले किती वेळ लागते?"

"काका, तुम्ही आपली गाडी आधी फाटकातून आत घ्या."

"किल्लीचा प्रश्नच कुठे येतो?" धीरज म्हणाला. "हेच तर मी सांगतोय. उद्या गाड्या आपोआपच चालणार आहेत. भैय्याजी नव्वदीपर्यंत चालवतील. त्यांना वरचीच गाडी घ्या."

भैय्याजींनी धाकट्याकडे कौतुकाने पाहिलं. ह्याच धाकट्याच्या लग्नात ते शेवटपर्यंत चपला काढून बसले नव्हते. "हे पाह्य," ते म्हणाले, "शिकलेला पोरगा काय म्हंते ते."

"शिकलेला पोरगा परवा पुण्याले जाईन," निकेश म्हणाला. "सुरभी माही पोरगी हाय. ते रोज तुमच्या गाडीत बसते."

"मंग? आजवर काही झालं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर वाढायला आलेल्या कौशल्याबाईंकडे होतं. त्यांनी कढीची वाटी जरा जोरात ठेवली.

"ठीक हाय," भैय्याजी हात धुवायला उठत म्हणाले. "आत्ताच निकाल लावू. मी सोता चालवून दाखवतो. ब्रेकले पाय लावत नाई. गाडी थांबली, तर हेच गाडी येईन अन् मीच चालवीन. पुन्हा ह्या घरात ड्रायवरचं नाव काढाचं नाई."

"पोत्यासमोर काय, कोणीही थांबवीन," ताराचंद म्हणाले.

"पोतं नको," धीरज म्हणाला. "मी उभा राहतो. मला व्हिडिओही मिळेल."

"सर, माणूस उभा करणं आमच्या नियमात..." ऋतिकने सुरुवात केली. धीरजने त्याच्या हातात मोबाइल दिला, भैय्याजींनी दसऱ्याचं नाव काढलं, आणि नियम तिथेच संपला.

ज्यांना मुलंबाळं आहेत, पदव्या आहेत, दुकानं आहेत, अशी ही माणसं होती. त्यातल्या एकाने यंत्राच्या भरवशावर स्वतःला रस्त्यात उभं केलं, दुसरा गाडी सुरू करायला निघाला, तिसरा 'होऊ दे, पाहू' म्हणून दात कोरत बसला, आणि चौथा बापाची फजिती व्हावी म्हणून गप्प राहिला. अक्कल कोणाचीच गेलेली नव्हती. ती फक्त त्या दुपारी कोणाला वापरायची नव्हती.

कौशल्याबाई सवयीने डावीकडच्या दाराशी गेल्या.

"तू नको," भैय्याजी म्हणाले. "आज गाडी सांगते मले."

"एकटे नका जाऊ."

"पाह्यलं? सुरू झाली."

पुन्हा हशा. "वहिनी, तू बस," धीरज लांबून ओरडला. "रिकामी सीट व्हिडिओत बरी नाही दिसत." अशा रीतीने, सीट भरायला, ज्योत्स्नाला गाडीत बसवण्यात आलं.

*

गाडी निघाली तेव्हा समोरच्या पडद्यावर पिवळी अक्षरं आली आणि टिंग असा आवाज झाला. ज्योत्स्नाने वाचलं.

"मामाजी, समोरचा कॅमेरा बंद आहे असं लिहून आलं."

"येत राह्यते ते. नवी गाडी हाय."

"काही दिसून नाई राह्यलं म्हणते त्याले. थांबा ना, त्या ऋतिकले विचारू."

"तुम्ही बाया अन् हे गाडी सारखीच," भैय्याजी म्हणाले. "एक मिनिट चूप नाई बसत."

सासऱ्याशी दोनदा बोलायचं, तिसऱ्यांदा नाही, असं तिला वर्षानुवर्षांत शिकवलं गेलं होतं. गाडी आवाज न करता वेग घेत होती. गल्लीच्या त्या टोकाला, कडुनिंबाच्या अलीकडे, जरासा डाव्या बाजूला धीरज उभा होता. लाल टी-शर्ट, दोन्ही हात वर, चेहऱ्यावर हसू. आंधळ्यालाही दिसेल असा.

भैय्याजी नाकासमोर पाहत होते. मान किंचित पुढे काढून, हलक्या आवाजात, जणू सहज म्हणून, त्यांनी विचारलं,

"धीरज उभा राह्यला काय?"

ज्योत्स्नाने त्यांच्याकडे पाहिलं. मग धीरजकडे. ग्लासाच्या उजवीकडे गेलेला हात, 'त्याईले कुठं दिसते', म्हैस हाय, सायकल हाय, मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेतलेली सुरभी. सगळं तिला एकदम जुळून आलं. भैय्याजींचा पाय ब्रेकवर नव्हता. तिने मधलं बटण वर ओढलं आणि ओढूनच धरलं.

गाडी किंचाळत थांबली. धीरज हात वर ठेवूनच मागे नालीत बसला.

आणि टाळ्या पडल्या.

"थांबली!" नालीतून धीरजचा आवाज आला. "पाहिलं का दादा? थांबली ना?"

"सिस्टिम आहे सर," ऋतिक म्हणाला. मोबाइल अजून त्याच्या हातात घट्ट होता.

ताराचंद टाळ्या वाजवत आले. निकेशचं तोंड पडलं. भैय्याजींनी काच खाली केली, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "झालं ना समाधान? थांबली का नाई गाडी?"

"गाडी नाई थांबली," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा हात अजून बटणावर होता. "मी थांबवली."

टाळ्या थांबल्या. भैय्याजींनी त्या हाताकडे पाहिलं. पुढे ती काय बोलेल ह्याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली, आणि ज्योत्स्नालाही ती दिसली. पण तेवढ्यात ऋतिकने काचेकडे बोट दाखवलं. "हे काय आहे? सर, कॅमेऱ्यासमोर कोणीतरी काळं फासलंय."

"तीट हाय ते," कौशल्याबाई म्हणाल्या. त्या धापा टाकत गल्लीत आल्या होत्या. "म्या लावली."

मग जे हसू फुटलं ते मालधक्क्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मघाशी एकमेकांची उणीदुणी काढणारे सगळे एका क्षणात एक झाले. ताराचंदच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वहिनी, तुम्ही गाडीच्या डोळ्यातच काजळ घातलं." धीरज नालीतून उठता उठता म्हणाला, "आई, मी मेलो असतो तर तुझ्या अंधश्रद्धेमुळे मेलो असतो." निकेशने कपाळावर हात मारला, पण हसतच. गाडी निर्दोष, चालवणारा निर्दोष, उभा राहणारा तर शूरच. एक म्हातारी बाई आणि एक काजळाची डबी सापडली होती, आणि सगळ्या घराला सोईचं झालं होतं.

सगळ्यांत मोठ्याने भैय्याजी हसले. सुटल्यासारखे हसले. "हिले किती सांगतलं," ते म्हणाले, "का गाडीत तुहं काही काम नाई."

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. आजवर ह्या माणसासाठी त्यांनी पुष्कळ खोटं बोलून घेतलं होतं, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. लाज वाटली, आणि ती स्वतःची नव्हे.

"आई," ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "मामाजींनी मले विचारलं, का धीरज..."

"ठाऊक हाय मले काय विचारलं असन ते," कौशल्याबाई म्हणाल्या. "तू चूप राह्य."

*

ऋतिक काच न पुसताच, पवनारला दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणून, गाडी घेऊन निघून गेला. तोवर सुरभीची शाळा सुटायची वेळ झाली. भैय्याजींनी बंडीच्या खिशातून जुन्या गाडीची किल्ली काढली आणि रोजच्यासारखे निघाले. ओट्यावर सगळे बसलेच होते. हसून हसून दमलेले, पण अजून एखादा विनोद चालला असता.

कौशल्याबाई डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. पट्टा लावला. हात मांडीवर ठेवले.

भैय्याजींनी गाडी सुरू करून फाटकापर्यंत आणली. समोर सेलूचा रस्ता, डावीकडून स्टेशनचे ऑटो, बैलबंड्या, शाळा सुटलेली सायकलवरची पोरं. रोज इथे 'निंघा' असा आवाज यायचा, की भैय्याजी क्लच सोडायचे. ते थांबले. आवाज आला नाही.

त्यांनी वाट पाहिली. ऑटो गेल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग कसली तरी घंटा.

"निंघू काय?" भैय्याजी पुटपुटले.

कौशल्याबाई समोरच्या काचेतून बाहेर पाहत राहिल्या.

"बोल ना वं. डावीकडं कोणी हाय काय?"

"गाडीत माहं काही काम नाई," कौशल्याबाई म्हणाल्या. ओट्यावर ऐकू जाईल इतक्या स्पष्ट. "तुम्ही पाहा."

भैय्याजींनी पाहिलं. आधी डोळे वळवले, मग मान, मग खांद्यासकट सगळं अंग, पण उरलेल्या डोळ्यात ती बाजू काही येईना. फाटकाच्या तोंडाशीच, डाव्या अंगाला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, शकुबाई पाण्याची घागर घेऊन गाडी जायची वाट पाहत उभी होती. ओट्यावरून ती सगळ्यांना दिसत होती. निकेशला दिसत होती, धीरजला दिसत होती.

"हाय का कोणी?" भैय्याजींनी विचारलं.

ओट्यावर कोणी हसलं नाही. ताराचंद खाली मान घालून चपला शोधू लागले. धीरजने आपल्या टी-शर्टवरचा नालीचा चिखल पाहिला आणि तो सावकाश पायरीवर बसला. निकेश उठून दोन पावलं आला, आणि आईची नजर पाहून तिथेच थांबला.

गाडी बंद झाली. भैय्याजींनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग दार उघडून उतरले. किल्ली कोणाला द्यायची ते त्यांना सुचेना. निकेशने हात पुढे केला होता.

"त्याले नका देऊ," कौशल्याबाई म्हणाल्या. "ज्योत्स्ना, ये वं."

"आई, तिले कुठं सवय..." निकेश म्हणाला.

"तुह्या भावाले कोणं वाचवलं आत्ता? तुवा?" आणि मग, सगळ्या ओट्याला उद्देशून, जरा दमाने: "गाडी तेच घेजो दसऱ्याले, ते कॅमेऱ्यावाली. चांगली हाय. पण किल्ली हिच्यापाशी राहीन. बाजार समितीत जाचं असन त्यानं मांगं बसाचं."

ज्योत्स्ना पदराला हात पुसत आली. सासऱ्यांनी किल्ली तिच्या हातात दिली नाही, बोनेटवर ठेवली. तिने ती उचलली, सीट पुढे ओढली, आरसे आपल्या मापाचे करून घेतले. शकुबाई घागर घेऊन निघून गेली होती. तरी ज्योत्स्ना फाटकात थांबली.

"आई, डावीकडं कोणी आहे?"

"तुले दिसते ना?"

"हो."

"मंग निंघ."

गाडी सेलूच्या रस्त्याला लागली. कौशल्याबाईंनी डोकं मागे टेकवलं, आणि होळीनंतर पहिल्यांदाच चालत्या गाडीत डोळे मिटले.